ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते आणि थरथर आपोआप थांबते: कारण शोधायचं कसं?

गेल्या हिवाळ्यात समृद्धी महामार्गाने नागपूरहून परत येत होतो. ऐंशीपर्यंत गाडी अगदी लोण्यासारखी पळत होती. नव्वद ओलांडलं की स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू व्हायची, हळूहळू वाढायची, डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा वाजायला लागायचा, आणि आता गाडी बाजूला घ्यावी असं मनात येईपर्यंत सगळं शांत व्हायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जालना येईपर्यंत हा खेळ चालला होता.

घरी आल्यावर गॅरेजला नेली. मेकॅनिकने गल्लीतून चक्कर मारली, काटा पन्नासच्या वर गेला नाही, साहजिकच त्याला काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, दिली. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलायला सांगितले. पैसे गेले, कंप तसाच राहिला. शेवटी दोष सापडला तो बायकोने गाडीत बसून वहीत लिहिलेल्या चार ओळींमुळे, आणि दुरुस्तीला खर्च आला फक्त बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचा.

म्हणून या लेखात माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. कंप कुठून येतोय याचा अंदाज बांधण्याआधी तो कधी येतो आणि कधी जातो हे नीट टिपून घ्या. "गाडी व्हायब्रेट होते" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस कितीही हुशार असला तरी अंदाजानेच पार्ट बदलणार. "बारीक थरथर, ९० ते १०५ मध्ये, स्टिअरिंगला, ॲक्सिलरेटर सोडला तरी राहते" असं सांगितलं तर अर्ध्या गाडीवरचा संशय तिथेच मिटतो.

आधी हे पाहा: गाडी चालवायची की नाही

पुढच्या चारपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी चाचणीसाठीसुद्धा गाडी वेगात नेऊ नका. टायरच्या बाजूला फोड आला आहे. चाकाचा एखादा नट सैल आहे. कंपासोबत धातूचा टक-टक आवाज येतो आणि तो दिवसागणिक वाढतोय. किंवा तीस-चाळीसच्या वेगातच चाक डुलल्यासारखं वाटतंय.

नुकतंच पंक्चर काढलं असेल, टायर बदलले असतील किंवा ब्रेकचं काम झालं असेल आणि कंप त्यानंतर सुरू झाला असेल, तर बाकी सगळं सोडून आधी डिकीतला पाना काढा आणि सगळे नट तपासा. सैल नटांवर धावणारं चाक निखळतं. हे दोन मिनिटांचं काम उद्यावर ढकलू नका.

वही, पेन आणि शेजारी बसणारा माणूस

चाचणीच्या दिवशी सकाळी गाडी जागची हलवण्याआधी चारही टायरची हवा तपासा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा दिलेला असतो, तो थंड टायरचा असतो. पळून गरम झालेल्या टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआयने जास्त दाखवते. ती सोडून आकडा जुळवत बसू नका, नाहीतर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. हवा कमी असलेला टायर स्वतःच कंप निर्माण करू शकतो, त्यामुळे हा मुद्दा आधी मिटवलेला बरा.

मग एखादा सरळ, कमी गर्दीचा रस्ता निवडा. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० ची. बहुतेक गाड्यांचं हे दुखणं त्या मर्यादेच्या आतच दिसतं, ती ओलांडायची गरज पडत नाही. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं आणि बोलायचं, लिहायचं ते शेजारच्याने. एकट्याने हे करू नका.

काय टिपायचं? कंप कोणत्या वेगाला सुरू होतो, कुठे सगळ्यात जोरात असतो, आणि आणखी वेग वाढवला तर कमी होतो का. गिअर कोणता, इंजिनचा काटा किती हजारावर. ॲक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला. घर सोडून किती वेळ झाला. गाडीत माणसं किती, डिकीत सामान किती. आणि कंप जाणवतो कुठे: स्टिअरिंगला, सीटखाली, पायाखालच्या पत्र्याला की ब्रेक पेडलला.

आमच्या वहीतली नोंद अशी होती:

"सकाळी ७.१०. दोघंच, डिकी रिकामी. ९० ला सुरू, ९५ ला जोरात, ११० ला जवळजवळ नाही. स्टिअरिंग. ॲक्सिलरेटर सोडला तरी आहे, ब्रेकने वाढत नाही. वाढतो, जातो, पंधरा सेकंदांनी परत येतो. जातो तेव्हा सीट हलकी उडते."

ती शेवटची ओळ बायकोने स्वतःहून लिहिली होती. मला स्टिअरिंग धरून बसल्यामुळे ते जाणवलंच नव्हतं. पुढे त्याच ओळीने वाट दाखवली.

जाणवण्याच्या जागेबद्दल एक ढोबळ नियम आहे. स्टिअरिंग हलतं तेव्हा संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि पायाखालचा पत्रा हलतो तेव्हा मागच्या चाकांवर. फक्त ब्रेक दाबल्यावर पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं तेव्हा ब्रेकवर. हा नियम नेहमीच खरा ठरतो असं नाही, पण सुरुवात करायला पुरेसा आहे.

रस्ता, इंजिन की चाक?

पहिला संशयित रस्ता. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे कापलेले असतात. शंभरच्या वेगात सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात आणि त्यांची एक लय गाडीत येते. शिवाय पृष्ठभागावर घासलेल्या आडव्या रेघांचा गुणगुणाट वेगळाच. म्हणून एकदा काँक्रीटवर आणि एकदा डांबरी रस्त्यावर त्याच वेगात जाऊन पाहा. डांबरावर कंप नाहीसा झाला तर गाडी निर्दोष असण्याची शक्यता खूप आहे. एकाच लेनमध्ये येत असेल तर लेन बदलून पाहा.

दुसरा इंजिन. इथे एक सोपी युक्ती आहे: वेग तोच ठेवा, गिअर बदला. ९० ला पाचव्या गिअरमध्ये कंप येतोय, तर चौथा टाका आणि ९० वरच राहा. इंजिनचे फेरे वाढले, पण चाकं तेवढ्याच वेगात फिरतायत. कंप जसाच्या तसा राहिला तर तो फिरणाऱ्या चाकांच्या बाजूचा. बदलला किंवा गेला तर इंजिन, त्याची माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती) किंवा क्लच यांच्याकडे पाहायचं. नंतर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच हजारावर नेऊन बघा. उभ्या गाडीत तोच कंप आला तर चाकांवर एक रुपयाही खर्च करू नका.

तिसरी चाचणी भाराची. कंप येत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. पाय काढताच कंप गेला आणि दाबताच परत आला, तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. पाय काढूनही वेग त्या टप्प्यातून खाली येईपर्यंत राहिला, तर चाक. काहीजण धावत्या गाडीत न्यूट्रल टाकून पाहायला सांगतात. मॅन्युअल गाडीत क्लच दाबून तेवढंच कळतं. घाटात उतारावर हे अजिबात करू नका, आणि धावत्या गाडीत चावी फिरवून इंजिन तर कधीही बंद करू नका. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते.

चौथी ब्रेकची. मागे कोणी नाही हे बघून शंभरवरून हलका ब्रेक लावा. थरथर फक्त तेव्हाच आली तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती.

थोडं गणित केलं तर हे सगळं अजून पक्कं होतं. १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात जवळजवळ १.९५ मीटर पुढे जातो. म्हणजे छोट्या मोटारीत ताशी वेगाला सातने भागलं की चाकाचे दर सेकंदाचे फेरे मिळतात: शंभरला साधारण १४. मोठ्या टायरच्या एसयूव्हीत सातऐवजी आठने भागा. इंजिन ३००० वर असेल तर ते सेकंदाला ५० फेरे घेतं. त्यामुळे चाकाचा कंप जाड असतो, हाताला थरथर म्हणून कळतो. इंजिनचा बारीक असतो, झिणझिण्या आल्यासारखा किंवा नुसता गुंजारव.

हातावर विश्वास बसत नसेल तर फोन वापरा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यातला प्रवेगाचा स्पेक्ट्रम (सेकंदाला किती वेळा हादरे बसतात ते दाखवणारा आलेख) उघडून फोन दोन सीटमधल्या सपाट जागेवर पक्का ठेवायचा आणि शेजारच्या माणसाने पाहायचं. शंभरच्या वेगात १४ च्या जवळ शिखर आलं तर चाक. २८ च्या जवळ आलं तर अंडाकृती झालेला टायर. ४२ च्या जवळ आणि फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला तीन रोलरचा जॉइंट, कारण तो एका फेऱ्यात तीन झटके देतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ५५ ते ६० च्या आसपास आलं तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, कारण तो चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो.

ठराविक वेगालाच का, आणि मध्येच जातो कसा?

इथे बहुतेक लोक गोंधळतात. चाकात दोष असेल तर तो सतत जाणवायला हवा असं वाटतं, आणि मग चाकावरचा संशय काढून घेतला जातो. माझंही तेच झालं होतं.

आधी वेगाचं. चाक, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर या सगळ्यांची मिळून स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलण्याची. सत्तर ते शंभरच्या दरम्यान चाकाचे फेरे नेमके या लयीत येतात. झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकललं की तो उंच जातो, तसा लहानसा हादरासुद्धा तिथे मोठा होतो. वेग पुढे गेला की लय चुकते आणि कंप ओसरतो. म्हणून "११० ला जवळजवळ नाही" या नोंदीने घाबरायचं कारण नाही, ते बॅलन्सिंग बिघडल्याचंच लक्षण आहे.

आता येण्या-जाण्याचं. दिंडीतले दोन टाळकरी डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या लयीत किंचित फरक आहे. काही वेळ दोघांचे टाळ एकत्र पडतात, मग एक मागे पडत जातो, आलटून पालटून वाजायला लागतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकत्र येतात. पुढची दोन चाकं असंच करतात. दोन्हींचं बॅलन्सिंग थोडं थोडं बिघडलेलं असेल, तर एक चाक पुढे ओढताना दुसरं मागे ओढतं तेव्हा स्टिअरिंग जोरात हलतं. दोन्ही एकाच दिशेने ओढतात तेव्हा स्टिअरिंग शांत होतं, पण गाडीचं नाक हलकंसं वर-खाली उडतं. आमच्या वहीतली "जातो तेव्हा सीट हलकी उडते" ही नोंद नेमकी हेच सांगत होती.

दोन टायरमध्ये असा फरक येतो कुठून? आमचा पुढचा डावा टायर मागच्या वर्षी एकटाच नवीन घातला होता. त्याची नक्षी उजव्यापेक्षा दीड मिलिमीटर जास्त खोल होती. टायरची त्रिज्या ३१० मिलिमीटर धरली तर फरक अर्धा टक्का. सेकंदाला १४ फेऱ्यांत अर्धा टक्का फरक म्हणजे दर चौदा-पंधरा सेकंदांनी दोन्ही चाकं पुन्हा त्याच स्थितीत. वहीतला आकडा पंधरा होता. त्या रात्री हे गणित जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. शिवाय वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, त्यामुळे मोठं वळण संपल्यावर कंप अचानक येतो किंवा जातो. "वळणानंतर बरं वाटतं" असं कोणी सांगितलं तर त्याला उडवून लावू नका.

येऊन-जाऊन असणाऱ्या कंपाची दुसरी कारणं वेळेवरून ओळखता येतात. दहा-पंधरा दिवस उभी असलेली गाडी निघाल्यावर थरथरते आणि पंधरा-वीस किलोमीटरनंतर शांत होते: एकाच जागी दाबून राहिल्याने टायर तेवढ्यापुरते चपटे झाले. याला औषध लागत नाही. उलट, गाडी आधी छान चालते आणि अर्ध्या तासाने कंप सुरू होतो, सोबत एक चाक तापतं किंवा जळका वास येतो: ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकतोय. टायरचे आतले थर सुटत असतील तरीही गरम झाल्यावर कंप वाढतो, आणि ते याहून धोकादायक आहे. चिखलातून किंवा शेताच्या रस्त्याने आल्यावर सुरू झाला तर चिखल. पावसाळ्यात कोकणात किंवा ऊसतोडीच्या दिवसांत गावाकडे जाऊन आलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

चाकांची तपासणी, हात लावून

सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला वीट लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका.

चाक काढलं की आधी त्याची आतली बाजू बघा. बाहेरून चकाकणाऱ्या अलॉयच्या आत तळहाताएवढा वाळलेला चिखल चिकटलेला असतो. वॉशिंगवाला तिथे पाणी मारत नाही. लाकडाच्या तुकड्याने खरवडून, धुऊन काढा. तीस ग्रॅम चिखल म्हणजे काय हे एकदा आकड्यात पाहा. पंधरा इंची रिमच्या कडेला तीस ग्रॅम जास्तीचं वजन असेल, तर शंभरच्या वेगात ते साडेचार किलोच्या जोराने चाक बाहेर खेचतं, तेही सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलत. पन्नासच्या वेगात हाच जोर जेमतेम सव्वा किलोवर येतो. म्हणूनच गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही.

मग बॅलन्सिंगची वजनं शोधा. पत्र्याच्या रिमवर ती कडेला ठोकलेली असतात, अलॉयवर आतून चिकटवलेली. आमच्या उजव्या चाकाच्या आत मला धुळीने काळ्या पडलेल्या रिमवर बोटभर रुंदीची एक स्वच्छ, चकचकीत पट्टी दिसली. तिच्यावर गोंदाचा पांढरा मळ होता. चार ठोकळ्यांची पट्टी तिथून कधीतरी पडून गेली होती. तुम्हाला अशी रिकामी खूण दिसली तर फोटो काढून ठेवा.

आता टायर. तळवा नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा ठिकठिकाणी खड्डे लागले, तर टायर असमान झिजलाय, आणि त्यामागे बहुधा कमकुवत शॉक ॲब्सॉर्बर किंवा बिघडलेलं अलाइनमेंट असतं. असा टायर बॅलन्सिंगने पुरता शांत होत नाही. दोन्ही बाजूंना, विशेषतः आतल्या बाजूला, फोड किंवा चीर पाहा. नक्षीमधल्या छोट्या उंचवट्यांशी रबर बरोबरीला आलं असेल तर खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. बाजूला डॉट अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे शोधा: २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुन्या, तडे गेलेल्या टायरवर महामार्गाच्या उन्हात विसंबू नका.

चाक पुन्हा लावा, चार नट हाताने पक्के करा आणि जॅकवरच हळू फिरवा (त्यासाठी पुढच्या चाकाला गिअर न्यूट्रलला आणावा लागतो, मागच्याला हँडब्रेक सोडावा लागतो; वीट तशीच राहू द्या). शेजारी विटेवर पेन्सिल ठेवून तिचं टोक आधी रिमच्या कडेजवळ आणि मग टायरच्या नक्षीजवळ आणा. फिरताना फट एकसारखी राहिली पाहिजे. रिमची फट मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलीय. रिम स्थिर पण टायरची फट एका ठिकाणी अचानक कमी होत असेल, तर तिथे टायर आतून सुटतोय. असा टायर लगेच काढा.

मग चाक घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवा: खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. नऊ आणि तीनवर धरून हलवा: खेळ जाणवला तर टाय रॉड एन्ड. थकलेले जॉइंट बहुतेक वेळा कंप निर्माण करत नाहीत, चाकातून आलेला छोटा कंप ते मोठा करून स्टिअरिंगपर्यंत पोचवतात. म्हणून आधी चाक दुरुस्त करायचं, मग जॉइंट.

बॅलन्सिंग: समोर उभं राहून करून घ्या

आधी एक गैरसमज. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग वेगळ्या गोष्टी आहेत. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात. सरळ रस्त्यावरची थरथर अलाइनमेंटने जात नाही. दुकानात गेल्यावर पुढची दोन नाही, चारही चाकं बॅलन्स करायला सांगा.

मशीनजवळ उभं राहा आणि तीन गोष्टी पाहा. जुनी वजनं आणि चिखल काढून मगच चाक चढवलं का. रिमचं मधलं भोक आणि मशीनचा कोन नीट बसले का. शेवटी दोन्ही बाजूंना शून्य आलं का. शून्य आल्यावर नम्रपणे सांगा: "दादा, चाक काढून अर्धं फिरवून परत चढवा आणि पुन्हा एकदा बघा." पुन्हा शून्याच्या जवळ आलं तर काम चोख. वीस-पंचवीस ग्रॅम दाखवायला लागलं तर चाक मशीनवर तिरकं बसत होतं, आधीचं शून्य खोटं होतं. छोट्या गाडीच्या एका चाकाला सत्तर-ऐंशी ग्रॅम लागत असतील तर ठोकत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. वजन बरंच कमी लागतं. तरीही कमी लागलं नाही तर टायर किंवा रिम सदोष आहे.

बाहेरून घेतलेले अलॉय असतील तर आणखी एक जागा तपासा. अशा रिमचं मधलं भोक अनेकदा हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं असतं. मग चाक हबवर न बसता नुसत्या नटांवर लटकतं आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी पक्कं होतं. मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर, आणि प्रत्येक वेळी चाक काढल्यावर कंप बदलतो, ही त्याची खूण. मधे बसणारी योग्य मापाची रिंग घातली की प्रश्न मिटतो. हब आणि रिमच्या मधला गंजसुद्धा हेच करतो. किनारपट्टीवरच्या गाड्यांत तो हमखास असतो. तारेच्या ब्रशने घासून काढा.

नट लावताना चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून समोरचा, असे थोडे थोडे आवळायचे. एअर गनने एका दमात ठोकलेले नट चाक तिरकं बसवतात आणि डिस्कलाही वाकवू शकतात. शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायला सांगा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

एवढं करूनही संशय राहिला तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. कंप स्टिअरिंगमधून सीटखाली गेला तर दोष त्या चाकांतच आहे. जागा बदलली नाही तर चाकं निर्दोष. डिकीतली स्टेपनी कमी मापाची आणि ८० ची मर्यादा लिहिलेली असेल तर ती या चाचणीसाठी वापरू नका.

चाकं निर्दोष निघाली तर

कॅलिपर अडकतोय का हे पाहायला वीस किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्याच्या कॅलिपरच्या पिना काढून, साफ करून, योग्य ग्रीस लावून बसवायच्या. हे काम स्वस्त आहे. नुसती डिस्क बदलून पिन तशीच ठेवली तर काही महिन्यांत नवी डिस्कही खराब होते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, त्याहून पातळ डिस्क लेथवर घासून घेऊ नका.

बेअरिंग गेलं असेल तर कंपाआधी आवाज येतो. वेगासोबत वाढणारी घरघर, जी डावीकडे हलकं वळताना वाढते आणि उजवीकडे वळताना कमी होते, ती बहुधा उजव्या चाकाची, कारण तेव्हा भार उजवीकडे जातो.

ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटून रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर तो जॉइंट फार दिवस टिकणार नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मधलं बेअरिंग पाहायला सांगा. शाफ्ट उतरवताना दोन्ही टोकांवर खूण करून घ्यायला लावा, तो तसाच परत जोडला पाहिजे.

इंजिनाचा संशय असेल तर माउंटिंगचे रबर चिरलेत का ते पाहायचं. चढावर जास्त गिअरमध्ये झटके येत असतील आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ते मिसफायर (इंजिनात इंधन नीट न पेटणं), आधी प्लग आणि कॉइल पाहा.

काम झाल्यावर

आमच्या डाव्या चाकाचं पंक्चर आतून पॅच लावून काढलं होतं आणि बॅलन्सिंग न करता चाक परत बसवलं होतं. उजव्याची वजनं पडलेली होती. दोन्ही बॅलन्स केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, दोघंच बसून निघालो. परिस्थिती तीच ठेवा. रिकाम्या गाडीत बिघाड पाहिला आणि चार माणसं भरून तपासली तर तुलना होत नाही. वहीतल्या त्याच वेगांवर प्रत्येकी एक मिनिट थांबायचं, म्हणजे कंप येऊन जाणारा असला तरी निसटत नाही. ९५ वर आम्ही तीन मिनिटं घालवली. चष्मा डॅशबोर्डवर होता, वाजला नाही.

चाक काढून लावलं की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा पान्याने तपासा, अलॉय असतील तर आठवणीने. वहीत तारीख, किलोमीटर आणि कोणत्या चाकाला किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच चाकाला पुन्हा चाळीस ग्रॅम लागायला लागले तर तो टायर आतून बदलतोय.